हुरूप येईल तेव्हा येऊ दे, वही आधी उघडा

आमच्या कारखान्याच्या मशीन शॉपमधली नवीन पोरं चहाला बसली की हमखास एक प्रश्न काढतात, मामा तुम्ही मोटिव्हेशन कुठनं आणता हो. कारण त्यांनी बघितलंय की हा माणूस पस्तिशी ओलांडल्यावर कन्नड लिहा-वाचायला शिकला, तेपण शिफ्टची ड्युटी सांभाळून, तेव्हा ह्याच्याकडे कायतरी जडीबुटी असणार. तसलं काही नाही ओ. उलट तीन वर्षं मी मोटिव्हेशनचीच वाट बघत बसलो होतो आणि त्या तीन वर्षांत एक अक्षर शिकलो नाही. नंतर काय बदललं ते बैजवार लिहून ठेवतो. तुमचं ध्येय कन्नड नसेल, भरती असेल, वजन असेल, अर्धी राहिलेली डिग्री असेल, पण घोडं जिथं अडतं त्या जागा सगळ्यांच्या सारख्याच असतात.

आधी माझी भानगड सांगतो म्हंजे पुढचं कळेल. मी बेळगावजवळच्या येळ्ळूर बाजूचा, शाळा मराठी मीडियम, दहावीनंतर आयटीआय टर्नर, तेव्हापासून उद्यमबागेत, कारखान्यांच्या भागात, आता व्हीएमसीवर, म्हंजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर. शाळेत कन्नडचा तास होता पण आम्ही उत्तरं पाठ करून पास झालो, डोक्यात काही राहिलं नाही. बोलायला येतं, बेळगावात वाढलेल्या माणसाला बाजारापुरतं येतंच, पण लिहिलेलं कन्नड म्हंजे माझ्यासाठी नुसती वेटोळी. आणि आपल्या शेताचा उतारा येतो कन्नडमध्ये. एकदा बाबांबरोबर नाडकचेरीत, म्हंजे उतारे मिळतात त्या सरकारी ऑफिसात गेलो होतो, बाबांनी उतारा हातात घेतला आणि मागं रांगेत उभ्या असलेल्या माणसाला म्हणाले, जरा बघा ओ काय लिहिलंय. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, कारण त्यांना माहीत होतं की ह्याला येत नाही. आणि त्या माणसानं सगळ्यांच्या देखत मोठ्यानं वाचलं, सर्व्हे नंबर, किती एकर किती गुंठे, सगळं. माणूस चांगला होता, त्यानं मदतच केली. पण मी तिथं उभा होतो, आयटीआय पास, मायक्रॉन वाचणारा, आणि आमच्या शेताचा कागद गावाला ऐकू जात होता.

आता तुम्हाला वाटेल की एवढं लागलं म्हंजे दुसऱ्या दिवसापासून अभ्यास सुरू. नाही. घरी येताना अंकलिपी घेतली, आठवडाभर जोरात गिरवली, मग नाईट शिफ्ट लागली आणि अंकलिपी गेली फ्रीजवर. तीन वर्षं तिथंच. म्हंजे बघा, लागलेली गोष्ट माणसाला उठवून बसवते, पण रोज उठवत नाही. अपमान, भाषण, व्हिडिओ, नवीन वर्ष, हे सगळे स्टार्टर आहेत, इंजिन नाही. स्टार्टर मारून मारून गाडी खानापूरला पोचत नाही, बॅटरी तेवढी उतरते.

तर पहिलं काम, ध्येय असं लिहा की कुणी विचारलं झालं का, तर हो किंवा नाही सांगता आलं पाहिजे. "कन्नड शिकायचं" ह्याला काही अर्थच नाही, ते कधी होतं? कधीच होत नाही, म्हणून कधी सुरूही होत नाही. मी दुसऱ्या वेळी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं, दिवाळीपर्यंत आपल्या शेताचा उतारा कुणाला न विचारता वाचायचा. बास. तेव्हा गुढीपाडवा नुकताच झाला होता. उताऱ्यावर शब्द किती असतात, पन्नास-साठ, त्यातले निम्मे आपल्याच गावाची, आपल्याच माणसांची नावं. डोंगर होता त्याची एकदम टेकडी झाली. तुमचंपण असंच कापून बघा. "फिट व्हायचं" नको, राजहंसगडावर मध्ये न थांबता चढायचं, अमुक महिन्यात. "इंग्लिश सुधारायचं" नको, इंटरव्ह्यूत आपल्या कामाबद्दल पाच मिनिटं न अडखळता बोलायचं.

आणि ते ध्येय तुमचंच पाहिजे हे एक बघून घ्या. भाऊजींनी सांगितलं म्हणून, शेजारच्याचा पोरगा पुण्याला गेला म्हणून घेतलेलं ध्येय पहिल्या पावसात वाहून जातं. ह्यावर जास्त बोलत नाही, स्वतःला एकदा खरं विचारलं की कळतं.

खरी अडचण कुठली ते शोधा

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथं बहुतेक लोक चुकतात, मीपण चुकलो. आपण अडचण सांगतो ती एक असते आणि खरी अडवणारी दुसरीच असते.

माझ्या पुतण्याचं सांगतो. त्याला आर्मीत जायचं, आमच्याकडे गावोगावची पोरं पहाटे रस्त्यावर पळताना दिसतात, मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावात, लहानपणापासून तेच बघितलेलं, त्यामुळे नवल नाही. त्याच्या वेळी अग्निवीरला वय साडेसतरा ते एकवीस होतं, म्हंजे घड्याळ लावूनच बसलेलं. हा गडी सहा महिने पळाला, पाऊस नाही बघितला थंडी नाही बघितली. आणि ग्राउंडपर्यंत पोचलाच नाही, कारण 2023 पासून आधी ऑनलाइन लेखी परीक्षा असते, तीत जो निघेल त्यालाच रॅलीला बोलावतात, आणि हा गणितात गेला. त्याला काय माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. पण पळायला आवडायचं आणि गणिताची भीती वाटायची, म्हणून पळून पळून तो स्वतःची समजूत घालत होता की मी तयारी करालोय. घाम येत होता ना, मग तयारी चालू आहे.

माझंपण तेच. मी सगळ्यांना सांगायचो टाइम मिळत नाही. एक आठवडा मी खरंच लिहून काढलं की ड्युटीवरनं आल्यावर काय करतो. सेकंड शिफ्ट करून साडेअकराला घरी, जेवण, आणि मग मोबाईल, साडेबारा, कधी एक. रोजचा पाऊण तास नुसतं बोट वर सरकवायला होता. म्हंजे टाइमचं कारण खोटं. मग खरं काय? दोन गोष्टी निघाल्या. एक तर मोबाईल, आणि दुसरी जी मी कुणाला सांगितली नव्हती, लाज. पोरगी दुसरीत, ती शाळेत कन्नड शिकते आणि तिच्या पुढ्यात बापानं क का कि की गिरवायचं, ही लाज. आणि शॉपमध्ये जो बैलहोंगल बाजूचा ऑपरेटर माझ्या शेजारच्या मशीनवर आहे त्याला विचारायची लाज, एवढी वर्षं बरोबर डबा खाल्लाय आणि आता त्याला सांगायचं की मला तुमचं अक्षर कळत नाही.

लाज आहे हे एकदा कागदावर आलं की ती निम्मी होते, हे मी अनुभवानं सांगतो. तुमच्या कागदावर काय येईल ते तुम्हीच बघा. पैसा येईल, सासू येईल, गुडघा येईल, पण बहुतेकदा सगळ्यात शेवटी, पेन खाली ठेवायच्या आधी जे येतं तेच खरं असतं.

ह्यावर शास्त्रज्ञांनीपण काम केलंय. गॅब्रिएल ओटिंगन म्हणून मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी 2002 मध्ये एक अभ्यास मांडला, युनिव्हर्सिटीतनं बाहेर पडलेल्या पोरांचा दोन वर्षं पाठपुरावा केला. जी पोरं नोकरीची गोड गोड स्वप्नं जास्त रंगवायची त्यांनी अर्ज कमी केले, त्यांना नोकरीच्या ऑफर कमी आल्या आणि पगारपण कमी मिळाला. का, तर मनात एकदा तो हार गळ्यात पडला की शरीराला वाटतं झालं की काम, आता कशाला पळायचं. म्हणून त्या म्हणतात स्वप्न बघा, पण लगेच त्याच्या शेजारी अडचण ठेवून बघा. आपल्याकडे भिंतीवर बंगल्याचं चित्र लावून रोज बघायला सांगणारे कोर्सवाले फिरतात ना, हजारो रुपये घेतात, त्यांना हे कुणीतरी सांगा.

जर हे तर ते

अडचण सापडली की तिचा आधीच बंदोबस्त करायचा, ती समोर उभी राहिल्यावर विचार करत बसायचं नाही, कारण त्या वेळी आपण दमलेले असतो आणि दमलेलं डोकं कायम एकच निकाल देतं, उद्या बघू.

पीटर गॉलविट्झर नावाचा दुसरा एक मानसशास्त्रज्ञ, त्यानं ह्यालाच जर-तरचा प्लॅन म्हटलंय. त्यानं पोरांना नाताळच्या सुट्टीत एक रिपोर्ट लिहून पाठवायला सांगितला, निम्म्यांना फक्त लिहा म्हणून सांगितलं आणि निम्म्यांकडनं आधीच ठरवून घेतलं की कधी आणि कुठं बसून लिहिणार. ज्यांनी जागा आणि वेळ ठरवली त्यांच्यात रिपोर्ट पाठवणारे दुसऱ्या गटाच्या दुपटीहून जास्त निघाले. पोरं तशीच, काम तेच, फक्त "कधी, कुठं" एवढा फरक.

माझी यादी मी टिफिनच्या डब्याच्या झाकणाला आतनं चिकटवली होती, ती अशी. फर्स्ट शिफ्ट असेल तर तीनला सुटल्यावर गाडीला किक मारायच्या आधी, पार्किंगमध्येच, दहा मिनिटं. सेकंड शिफ्ट असेल तर डबा खाल्ल्यावर हात धुऊन दहा मिनिटं. नाईट असेल तर काही नाही, नाईटला फक्त एक शब्द, खोटं कशाला बोला. लाईट गेली तर काल लिहिलेलं तोंडानं म्हणायचं. पाहुणे आले तर पोरीला पाहुण्यांसमोर म्हणायला लावायचं आणि आपण ऐकायचं, हे तर फारच बेष्ट, पाहुणेपण खूश. आणि मोबाईलसाठी एकच, घरात शिरलो की मोबाईल चार्जिंगला, आणि चार्जर स्वयंपाकघरात फ्रीजजवळ. हां, आणि अंकलिपी फ्रीजवरनं काढून उशीखाली. दोघांच्या जागा बदलल्या, दुसरं काही केलं नाही.

तुम्ही शेतीवाले असाल तर रोप लावणीचे पंधरा दिवस आधीच सोडून द्या. आमच्याकडे जूनपासून पाऊस लागला की चिखलात वाकून वाकून रात्री जेवतानाच डोळे मिटतात, त्या दिवसांत मी काही करणार नाही असं ठरवूनच टाकायचं, म्हंजे मोडलं असं वाटत नाही. ठरवून घेतलेली सुट्टी आणि बुडवलेला दिवस ह्यात फार फरक आहे.

दहा मिनिटं म्हंजे काय होतंय असं वाटतं ना? मलापण वाटायचं. पण दहा मिनिटांचं काम करायला हुरूप लागत नाही, हीच त्यातली गोम. तासभर बसायचं म्हटलं की मन वकील लावतं, दहा मिनिटाला वकील लावायला त्यालाच लाज वाटते. आणि एकदा बसलं की दहाची वीस कधी होतात कळत नाही. हुरूप येतो, पण तो बसल्यावर येतो, पाच-सात मिनिटांनी. आपण उंबऱ्यावर उभं राहून त्याची वाट बघतो आणि तो आत बसलेला असतो.

एक दिवस जवळनं दाखवतो. पार्किंग, सव्वातीन, अंगाला कूलंटचा वास, गाडीच्या सीटवर वही. त्या दिवशी व, प आणि ष होते. कन्नडमध्ये ही तिन्ही भावंडं एकाच तोंडवळ्याची, व आणि प मध्ये थोडासाच फरक, आणि ष च्या पोटात तिरकी काट. मी सारखं प चं व आणि व चं प करत होतो. आणि तो बैलहोंगलचा गडी गाडी काढायला आला, मागं उभा राहून बघितलं आणि म्हणाला, एन ओदाकत्ती, म्हंजे काय वाचालायस? माझ्या पोटात गोळा. म्हटलं आता हसणार. तो हसला नाही, पेन घेतलं आणि वहीवर ठ काढून दाखवला, म्हणाला र येतो ना तुला, त्याच्या पोटात टिंब टाक, झाला ठ. मग जाता जाता म्हणाला मला मराठी वाचायला शिकीव, माझ्या बायकोच्या माहेरचे फोनवर मराठीत लिहितात. म्हंजे तोपण तीच लाज घेऊन फिरत होता. त्या दिवसापासून डब्याच्या वेळी पाच मिनिटं त्याची पाच माझी. मला तर मजा वाटते, आपलं "काय करालायस" आणि त्याचं "एन माडाकत्ती" ह्यांची चालपण एकच आहे. अण्णा अक्का दोघांचे, आपलं तूप त्यांचं तुप्प.

तर तुम्हालापण असा एक माणूस शोधा. शिकवणारा पाहिजे असं नाही, रोज "काय रे आज?" विचारणारा असला तरी चालतो. फक्त टाळ्या वाजवणारे नकोत. आधीच गावभर सांगितलं की मी हे करणार, की लोक शाबासकी देतात आणि मग करायची गरजच उरत नाही.

टोमण्यांचंपण सांगतो, कारण सीमाभागात हा अडथळा आहे आणि त्याच्यावर कुणी बोलत नाही. गावात एक-दोघं म्हणाले, काय रे, कन्नडिगा झालास काय? पहिल्यांदा राग आला. मग म्हटलं, सीमाप्रश्नाचा दावा महाराष्ट्रानं 2004 मध्ये सुप्रीम कोर्टात टाकलाय, त्याचा निकाल लागेपर्यंत मी माझा उतारा वाचायचा थांबू काय? माझी मराठी कुठं गेली नाही, हे काय लिहालोय ते मराठीच आहे. मराठीत कागद मिळावेत ही मागणी आहे ती आहेच, मीपण त्या बाजूचाच. पण मागणी एका हातात आणि वही दुसऱ्या हातात, दोन हात त्यासाठीच आहेत. तुमच्या ध्येयावर कोण काय टोमणा मारणार हेपण आधीच लिहून ठेवा आणि उत्तरपण, म्हंजे ऐन वेळी जीभ लुळी पडत नाही.

मापात पाडा

पुतण्याकडे परत येतो. दुसऱ्या वर्षी त्यानं सकाळी गणित आधी आणि पळणं नंतर असा क्रम लावला, आवडीचं काम बक्षीस म्हणून मागं ठेवलं. हे चांगलं चाललं. पळण्यातपण घोळ होता. रोज पाच किलोमीटर पळायचा, छान वाटायचं, पण भरतीला लागतात 1600 मीटर, आणि त्याच्या वेळच्या नियमात साडेपाच मिनिटांच्या आत आला तर पहिला ग्रुप. ह्याचा टाइम सहा मिनिटं चाळीस सेकंद. एक मिनिट दहा सेकंद कमी करायचे म्हटल्यावर गडी खचला. मग आम्ही बसून हिशोब केला. 1600 म्हंजे 400 चे चार तुकडे. 6:40 म्हंजे 400 सेकंद, म्हंजे एका तुकड्याला 100 सेकंद. पाहिजेत साडेब्याऐंशी. म्हंजे एका तुकड्यात साडेसतरा सेकंद, आठवड्याला एक सेकंद धरला तर चार महिने. गाडीच्या मीटरवर 400 मीटर मोजून रस्त्याकडेच्या दोन झाडांना चुना लावला. आता त्याला रोज साडेपाच मिनिटांशी भांडायचं नव्हतं, ह्या आठवड्याला 99, पुढच्या आठवड्याला 98. शेवटी शेवटी सेकंद हलत नाही, एका सेकंदाला तीन आठवडे लागले, पण तोवर वहीत खाली खाली येणारे आकडे होते आणि ते बघूनच तो उठायचा. ह्या खेपेला लेखी निघाला आणि रॅलीत 5:38 आला. पहिल्या ग्रुपात नाही बसला, दुसऱ्यात. यादीत नाव नाही आलं. आणखी एक चान्स आहे वयानुसार. परवा बघितलं तर पहाटे गणिताचं पुस्तक घेऊन बसला होता, मी काही बोललो नाही.

कन्नडचं माप मी बोर्डांवर लावलं. बसच्या बोर्डावर गावाचं नाव असतं आणि उत्तर तुम्हाला आधीच माहीत असतं, उचगाव, कडोली, खानापूर, म्हंजे अक्षर ओळखलं की लगेच पडताळा. आणि 2024 पासून दुकानांच्या बोर्डावर 60 टक्के कन्नडचा कायदा आलाय, त्यावर काय वाद घालायचा तो घाला, पण माझं तरी पुस्तक फुकटात रस्त्याला टांगलं गेलं. मी गोगटे सर्कलपासून घरापर्यंत येताना किती बोर्ड गाडी न थांबवता वाचता येतात ते मोजायचो. पहिल्या महिन्यात तीन. तेपण एक मेडिकलचा होता, अंदाजानं. (गाडी चालवताना वर बघत जाऊ नका, मी एकदा रिक्षाच्या मागच्या बाजूला जाऊन टेकलोय.)

खंड पडणारच

एकवीस दिवस केलं की सवय लागते असं सगळे सांगतात. ते खरं नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि बरोबरच्यांनी 96 लोकांवर बघितलं, सवय अंगात मुरायला सरासरी 66 दिवस लागले, कुणाला 18 आणि कुणाचा हिशोब 254 पर्यंत गेला. म्हंजे बाविसाव्या दिवशी कंटाळा आला तर तुमच्यात काही खोट नाही. आणि त्याच अभ्यासात दुसरी गोष्ट जास्त कामाची आहे, मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही.

माझा गणपतीत अकरा दिवस खंड पडला. बेळगावचा गणपती म्हंजे तुम्हाला माहीतच आहे, विसर्जन दुसऱ्या दिवशीपर्यंत चालतं, त्यात मंडळाची वर्गणी, मांडव, सगळं. बाराव्या दिवशी मला वही उघडावीशी वाटेना, मन म्हणायला लागलं, मोडलंच आहे तर आता दिवाळीनंतर नव्यानं सुरू करूया. हे जे मोडलंच आहे तर म्हणणं आहे ना, ते त्या अकरा दिवसांपेक्षा जास्त घातक. उपासाला चुकून एक चकली खाल्ली म्हणून कोण अख्खा डबा संपवत नाही, पण ध्येयाच्या बाबतीत आपण हमखास तेच करतो.

मी काय केलं, नवीन धडा घेतलाच नाही. आधी येत असलेलंच लिहिलं, पोरीचं नाव, बायकोचं नाव, बास, दोन मिनिटं. परत सुरू करायच्या दिवसाचं काम नेहमीच्या कामापेक्षा लहान ठेवायचं, भरपाई करायला जायचं नाही. अकरा दिवसांचं बुडालेलं एका रात्रीत काढायला गेलं की बाराव्या दिवशी पाठ धरते. व्यायामवाल्यांनी तर हे लक्षात ठेवाच.

आणि कधीकधी ध्येय सोडूनपण द्यावं. मी त्याच वर्षी जिम आणि शेअर बाजारपण सुरू केलं होतं, दोन्ही गुंडाळलं. शिफ्टच्या माणसाला वर्षाला एक जड ध्येय पुरे. सोडायचंच असेल तर चांगल्या दिवशी डोकं ठिकाणावर असताना ठरवून सोडा. नाईट करून आल्यावर सकाळी सात वाजता कुठलाही मोठा निर्णय घेऊ नका.

दिवाळीच्या चार दिवस आधी मी उतारा घेऊन बसलो. बाबा समोर. अडखळत, बोट ठेवून ठेवून, गावाचं नाव, तालूकु, हेसरु म्हंजे नाव, विस्तीर्ण म्हंजे क्षेत्र. पुढं इतर हक्क आणि ऋण असा एक रकाना असतो, तिथं आलो. ऋण तर आपलाच शब्द. त्याच्या पुढं सोसायटीचं कर्ज लिहिलेलं. बाबा म्हणाले, ते कुठलं, ते तर फेडून टाकलंय की, तुझ्या लग्नाच्या आधी. पावतीपण निघाली, पत्र्याच्या पेटीत, हळद-कुंकवाच्या पुडीखाली. म्हंजे फेडलेल्या कर्जाचा बोजा एवढी वर्षं उताऱ्यावर तसाच, आणि रांगेतल्या त्या माणसानं तोपण वाचलाच असणार की मोठ्यानं, आम्हाला वाटलं असेल कायतरी सरकारी.

मग बोजा कमी करायचा अर्ज मी स्वतः लिहिला, कन्नडमध्ये, दोन रात्री लागल्या, शेजारच्या मशीनवाल्यानं तपासून दिला. तरी काउंटरवरनं परत आला. बाबांच्या नावातला दे मी ऱ्हस्व काढला होता, आपल्या मराठीत ए एकच, त्यांच्याकडे ऱ्हस्व वेगळा आणि दीर्घ वेगळा, आणि ते तपासणाऱ्याच्याही नजरेतनं सुटलं होतं. बाहेर येऊन गाडीच्या सीटवर ठेवून अख्खा अर्ज परत उतरवला, ह्या वेळी दीर्घ दे. आता सोसायटीचा येणे बाकी नाही म्हणून दाखला जोडा म्हणतात. सेक्रेटरी फक्त गुरुवारी भेटतो, आणि ह्या गुरुवारी माझी फर्स्ट शिफ्ट आहे, म्हंजे तीनला मोकळा.